बारापर्यंत मोजणारी दाई आणि तिचा डॉक्टर

गेल्या हिवाळ्यात सौंसरला माझ्या मावसबहिणीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर. आजीनं न्हाऊ घालायची तयारी केली की ताईंचं सुरू, "आजी, थांबा न जी, थंडी हाये." आजी आधी चिडली. नंतर तीच विचारायची, आज ताई आली नाही का?

या ताईला हे कुणी शिकवलं? मी उत्तर शोधत गेले आणि पोचले गडचिरोलीला.

त्याआधी एक सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात राज्य मध्य प्रदेश, घरची बोली मराठी, आणि आजार जरा वाढला की गाडी नागपूरची. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, तरी 'मोठा डॉक्टर' नागपुरातच बसतो हा समज काही हलला नाही. मोठा म्हणजे ज्याच्या दाराशी जास्त चपला. त्यामुळे डॉक्टर असून संस्था चालवणारे, लोकांना नेतृत्व शिकवणारे, 'कोचिंग' करणारे लोक असतात हे कळलं तेव्हा मला वाटलं, हे दवाखाना सोडून पळालेले असणार. (कोचिंग म्हटलं की आपल्याला नीटचे क्लास आठवतात, त्यात माझा दोष नाही.)

पण इथे कोचिंगचा अर्थ वेगळा आहे. डॉक्टर रोग्याला सांगतो, हे औषध घे. शिक्षक सांगतो, हे असं असतं. कोच मात्र समोरच्याला त्याचं काम स्वतः करता येईल इथपर्यंत नेतो आणि मग बाजूला होतो. हे बाजूला होणंच डॉक्टरला सगळ्यात जड जातं, कारण त्याचं सगळं शिक्षण 'निर्णय माझा' यावर उभं असतं.

डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. वडील ठाकुरदास बंग गांधीवादी अर्थतज्ज्ञ. अभय आणि डॉ. राणी बंग, दोघंही नागपूरला शिकलेले डॉक्टर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. आपल्या मंडळातल्यांना त्या 'गोईण' या पुस्तकामुळे माहीत असतील.

तिथे लहान मुलं न्यूमोनियानं जात होती. न्यूमोनिया ओळखायची खूण साधी आहे: बाळ मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा. पण मोजणार कोण? गावात बाळाजवळ असायची दाई, आणि बऱ्याच दायांना बारापर्यंतच मोजता यायचं. इथे कुणीही म्हटलं असतं, आधी साक्षरता वर्ग काढू. बंगांनी दायांना बदलायच्या आधी साधन बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद, म्हणून त्याच्यासाठी मण्यांची ओळ वेगळी. दहापर्यंत मोजता आलं की काम भागतं.

मला हे वाचून फार बरं वाटलं. कारण शिकवताना आपण बहुधा उलट करतो. समोरच्याला काय येत नाही त्याची यादी करतो. इथे डॉक्टरनं पाहिलं, हिला बारापर्यंत येतं, आणि बाकीचं ओझं स्वतःवर घेतलं.

पुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायका निवडून त्यांना 'आरोग्यदूत' केलं. घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, ऊब द्यायची, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी-मास्कनं श्वास द्यायचा, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. इंजेक्शन! जी गोष्ट डॉक्टरच्या हातात शोभते अशी आपली ठाम समजूत, ती गावातल्या बाईच्या हातात. आणि बाळ दगावलं असतं तर? बोट डॉक्टरकडेच वळलं असतं. अधिकार देऊन टाकला तरी जबाबदारी देऊन टाकता येत नाही. मला वाटतं नेतृत्वाच्या शिबिरांत हाच भाग घाईत उरकतात.

निकाल 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू आधी 62 होते, ते साधारण 25 वर आले. 2011 मध्ये केंद्र सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरच्या आशांकडे सोपवलं. म्हणजे आमच्या आजीला थांबवणारा तो आवाज गडचिरोलीहून निघून सौंसरपर्यंत आला होता.

बाजूला होण्याची गोष्ट दवाखान्यातही दिसते. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, तुमचे डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात, आमच्यात मढ्याला पांढरं गुंडाळतात. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला नाव दंतेश्वरी देवीचं.

2006 पासून 'निर्माण' नावाची तरुणांची शिबिरं सुरू झाली. आपल्या वयाची मुलं तिथे जातात, आणि मुख्य प्रश्न असा की शिक्षणाचं करायचं काय. नोकरी कुठली मिळेल हा प्रश्न नंतरचा, आधी कुणाच्या कामी यायचं ते ठरवा. मी अजून गेलेले नाही. खरं सांगायचं तर थोडी भीतीच वाटते, कारण तिथून परत आल्यावर घरी बी.एड. की एम.ए. या वादात मी आईला काय सांगणार?

अशा माणसांभोवती भक्तीची भाषा लगेच जमा होते. मला ती नको वाटते. बंगांनी स्वतःच 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लोकांना आरोग्य शिकवणारा डॉक्टर स्वतःच्या आरोग्याकडे कसं दुर्लक्ष करतो ते मोकळेपणानं लिहिलं आहे. दुसऱ्याला घडवणारा माणूस स्वतः पूर्ण घडलेला असतोच असं नाही, आणि तो ते लपवत नाही म्हणून मला त्याचं बाकीचं म्हणणं खरं वाटतं.

भाची आता पालथी पडते. परवा आशाताई दुसऱ्याच घरी निघाल्या होत्या, जाताना दारातूनच विचारलं, "खाते का बरोबर?" आजी म्हणाली, "खाते न! तुम्ही सांगतलं तसंच देतो." ताईंच्या खांद्यावर तीच झोळी होती, काटा आत खडखडत होता, आणि पुढच्या घरी बाळ सातव्या दिवसाचं होतं.