जीव वाचला, माणूस वाचला काय?

रात्री-अपरात्री रुग्णालयाच्या अपघात विभागात जिवाचे बरेवाईट करून घेऊ पाहणारा एखादा तरुण आणला जातो. डॉक्टर शिकस्त करून त्याचे प्राण वाचवितात, पोलीस जबाब घेतात आणि चार दिवसांनी तो घरी जातो. नाडी, ताप, रक्तदाब यांची नोंद होते. जगण्याची इच्छा उरली आहे काय, हे मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली व त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, महाराष्ट्रातील होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या मौनाची किंमत कळते.

असे विचारल्याने नसता विचार मनात भरतो, ही समजूत निराधार आहे. उलट, विचारणारा भेटला की मनावरचे ओझे हलके होते. तथापि नुसत्या प्रश्नानेही भागत नाही. अमेरिकेतील आठ अपघात विभागांत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ चौकशीने फरक पडला नाही. चौकशीनंतर दूरध्वनीने पाठपुरावा झाला, तेव्हाच पुन्हा प्रयत्न करणारांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने घटले.

त्यासाठी अमेरिकेची श्रीमंती लागते, असे कोणी म्हणेल. त्यास चेन्नईचे उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी तासभर बोलणे आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा विचारपूस, एवढाच तो उपचार. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २.२ टक्के पुढे आत्महत्येने दगावले. विचारपूस झालेल्यांपैकी ०.२ टक्के.

कायद्याची अडचणही आता सांगता येणार नाही. असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे मानावे व त्याची काळजी सरकारने घ्यावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. भारतीय दंड संहितेतील ३०९ वे कलमही १ जुलै २०२४ रोजी त्या संहितेबरोबर इतिहासजमा झाले.

म्हणून प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने अपघात विभागात प्रशिक्षित परिचारिका नेमावी, तिने नातलगांच्या गराड्याबाहेर रुग्णास विचारावे आणि पुढील भेटीची तारीख लिहिल्याखेरीज त्यास घरी सोडू नये, अशी आमची मागणी आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे; तो क्रमांक रुग्णाच्या कागदावर लिहिण्यास कोणते अंदाजपत्रक लागते? मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसास पुन्हा एकाकी त्याच उंबरठ्यावर नेऊन सोडणे, यास उपचार म्हणता येत नाही.