तंबाखू एकदम, निकोटिन हळूहळू
सिगारेट पेटवायची सोय नसली की स्वीडनच्या पाणबुड्यांतले नौसैनिक गालात तंबाखू धरून तल्लफ भागवत. लुंड विद्यापीठातले डॉक्टर क्लेस लुंडग्रेन यांनी हे हेरले आणि १९६७ साली हेल्सिंगबोर्गमधल्या लिओ या औषध कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ ओवे फेर्नो यांना पत्राने कळवले. फेर्नो स्वतः सिगारेट ओढणारे. तंबाखू वगळून नुसते निकोटिन तोंडात धरता आले तर? या प्रश्नामागे लागून त्यांनी निकोटिनचे च्युइंगगम तयार केले. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

एक व्यसन सोडायला दुसरे लावून घ्यायचे, ही त्यावरची टीका तेवढीच जुनी. ती अगदीच पोकळ नाही. काही जण वर्षानुवर्षे गम चघळत राहतात. पण सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते, आणि तोच झटका माणसाला बांधून ठेवतो. गममधले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सावकाश झिरपते, त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. तल्लफ शमते, झिंग येत नाही. शिवाय कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत असतात ती धुरातली आणि तंबाखूतली इतर रसायने. ती गममध्ये नसतात. पण म्हणून काही निकोटिन निरुपद्रवी ठरत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

मग काहीच न घेता सोडावे का? सोडतात की! जगात सिगारेट सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी ती औषधाविना सोडली आहे. पहिला आठवडा सर्वांत वाईट: चिडचिड, उडालेली झोप, कशात लक्ष न लागणे. तीन-चार आठवड्यांत हे बरेच ओसरते. मात्र निव्वळ निर्धारावर केलेल्या एका प्रयत्नात सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच. निकोटिनच्या गम, पट्ट्या, गोळ्या यांवरच्या १३० हून अधिक चाचण्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा यशाची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडा भारदस्त आहे, पण पाचाचे साडेसात-आठ झाले, एवढाच त्याचा अर्थ.

या वादातली खरी गाठ सुटते ती इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका चाचणीत. सुमारे सातशे धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी सिगारेट एकदम बंद केली, उरलेल्यांनी दोन आठवड्यांत कमी करत आणली. चार आठवड्यांनी एकदम सोडणारे ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणारे ३९ टक्के. सहा महिन्यांनीही २२ विरुद्ध साडेपंधरा. आणि निकोटिनची पट्टी दोन्ही गटांना दिलेली होती! म्हणजे एका झटक्यात तोडायची ती सिगारेट. निकोटिन मागाहून, सवडीने उतरवले तरी चालते. दोन्ही एकाच दिवशी सोडण्याचा हट्ट कशासाठी धरायचा?

महाराष्ट्रात मात्र गणित थोडे वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार इथले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढतात. मळलेली तंबाखू, खर्रा, मिश्री असे बिनधुराचे प्रकार वापरणारे २४.४ टक्के. निकोटिनच्या चाचण्या बहुतांशी ओढणाऱ्यांवर झाल्या आहेत. तंबाखू खाणाऱ्यांवर झालेल्या थोड्या अभ्यासांत गम आणि पट्टीचा ठोस फायदा दिसला नाही. चघळायच्या गोळ्या, व्हॅरेनिक्लिन हे औषध आणि समुपदेशन यांचा दिसला. तंबाखू खाणाऱ्याने गमवर विसंबण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

गम वापरायचेच तर तेही नीट वापरावे लागते. बरेच जण ते पान खाल्ल्यासारखे कचाकचा चावतात, निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते आणि वाट्याला येते ती मळमळ, उचकी. हळू चावायचे, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे, चुरचुर संपली की पुन्हा चावायचे. (बार भरणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.) कॉफी, सरबत, शीतपेय घेतल्यावर पंधरा मिनिटे थांबायचे, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषले जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर साधारणपणे २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचे गम सुचवले जाते. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि सुमारे तीन महिन्यांत मात्रा उतरवत आणावी. १८००-११-२३५६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क क्रमांकावर २०१६ पासून समुपदेशकांशी बोलता येते.