मुंबई-लंडन : किलोमीटर नव्हे, बसण्याचे तास मोजा

गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या वेवजीपासून डहाणूपर्यंतच्या घरांतूनही आता वडीलधारी मंडळी मुलाकडे, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जातात. ‘लंडन किती लांब?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. प्रकृतीच्या दृष्टीने मात्र ‘किती तास बसावे लागेल?’ हे विचारणे अधिक महत्त्वाचे.

मुंबईहून दुबई सुमारे १,९०० किलोमीटर. विमानाला तीन-साडेतीन तास लागतात. लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. नऊ ते दहा तास. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतताना वेळ थोडा कमी लागतो.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आता विमान थेट जाते. वेळ वाचला, पण सलग बसणे वाढले. त्यात वेवजीहून विमानतळापर्यंत मोटारीतले तीन-चार तास मिळवा.

पायातील गुठळी

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यास रक्त साचते व क्वचित शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. चार तासांपेक्षा अधिक प्रवासात हा धोका वाढतो, मग वाहन कोणतेही असो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे रुग्ण व पूर्वी गुठळी झालेले यांनी विशेष जपावे.

काय करावे?

- तासा-दोन तासांनी उठून चालावे. बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करावेत.
- विमानातील हवा फार कोरडी असते. थोडे थोडे पाणी प्यावे, मद्य टाळावे.
- विमान उतरताना कान दडे बसतात. गोळी चघळावी, आवंढा गिळावा. तान्ह्या बाळाला पाजावे.
- औषधे, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन सामानात टाकू नये. तेथे ते गोठू शकते.
- लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. मधुमेहींनी डोसाच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितकाच असतो. प्राणवायू कमी मिळतो. म्हणून हृदयविकार, दमा आणि आपल्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजार असणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकाच पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. तातडीने रुग्णालय गाठावे आणि विमानप्रवास केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गुठळीवर औषध आहे. वेळ गेली की मात्र इलाज अवघड होतो.