पद्मिनीचे इंजिन: राखावे, सुधारावे की बदलावे?

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी या इटालियन मोटारीची भारतीय आवृत्ती ‘डिलाइट’ या नावाने बनवली. 1974 पासून तीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि विसाव्या शतकाबरोबर तिचे उत्पादनही सरले. टॅक्सीसाठी ठरवलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने 2023 च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही धावतात, आणि त्यांच्या मालकांपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतोच: गाडी दमली आहे असे वाटू लागल्यावर मूळ इंजिनच नीट करून घ्यावे, त्याला नवे सुटे भाग जोडावेत, की ते उतरवून दुसरे बसवावे?

या प्रश्नाचे उत्तर इंजिनाच्या रचनेपासून शोधावे लागते. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे असून सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर आहे, त्यामुळे त्याची एकूण क्षमता 1089 घनसेंटीमीटर भरते. मिनिटाला सुमारे 4800 फेऱ्यांना ते साधारण 40 अश्वशक्ती देते. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि दोहोंना जोडणाऱ्या पुशरॉड, अशी ही साधी जुनी मांडणी आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असल्याने झिजलेला सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात, आणि तेवढीही जागा उरली नसेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून लोखंडी नळी, घालून मूळ माप परत आणता येते. दुरुस्तीची इतकी सोय असलेले इंजिन निकामी ठरवण्याची घाई करणे चूक आहे, कारण ज्या गाडीत ‘दम नाही’ अशी तक्रार होते, ती गाडी बहुधा आपल्या मूळ 40 अश्वशक्तीही देत नसते.

म्हणूनच ट्यूनिंगला पहिला मान द्यायला हवा, आणि येथे ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आवाज गोड करणे नव्हे, तर इंजिनाची प्रत्येक जुळणी ठरलेल्या मापावर आणणे होय. त्याची सुरुवात कॉम्प्रेशन तपासणीने व्हावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजला असता एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर त्यात चमचाभर तेल सोडून दाब पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरच्या झिजेचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा, असा निष्कर्ष बहुतेक वेळा निघतो. त्यानंतर टॅपेटची फट, मग डिस्ट्रिब्युटरमधील सीबी पॉइंटची फट, आणि त्यानंतर टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्यापूर्वी नेमक्या कोणत्या क्षणी ठिणगी पडावी याची जुळणी, हा क्रम पाळावा लागतो, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंगही हलते. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजने व स्प्रिंगा असतात आणि वेग वाढेल तशी ठिणगी त्या आधी पाडतात. त्या गंजून अडकल्या तर उभ्या गाडीत इंजिन मंद चालत असताना टायमिंग बिनचूक दिसूनही चढावर गाडी मरगळते, आणि हा दोष अनेकदा नजरेतून सुटतो. कार्बोरेटरला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

या शेवटच्या पायरीला आज नवे महत्त्व आले आहे, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण 9 किलो, आणि या मिश्रणाला साधारण साडेतेरा किलो. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर इंधन सुमारे 8 ते 9 टक्के अधिक जायला हवे. नव्या गाडीतील संगणक ही दुरुस्ती स्वतः करतो, परंतु कार्बोरेटरमधील जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारे पितळी छिद्र, ठरलेल्या मापाचेच राहते, परिणामी मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते व अधिक तापते. जेटचा व्यास साधारण 4 टक्क्यांनी वाढवणे, आणि इथेनॉलने फुगणारे जुने रबरी पाइप व पेट्रोल पंपाचा पडदा बदलून त्यास टिकणारे बसवणे, या दोन कामांवर होणारा खर्च कोणत्याही दिखाऊ सुधारणेपेक्षा सार्थकी लागतो.

दुसरा मार्ग बोल्टने जोडता येणाऱ्या सुट्या भागांचा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि मोठा कार्बोरेटर यांची भुरळ सर्वांत आधी पडते, पण साधा हिशेब त्यांच्या विरुद्ध जातो. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते, त्यामुळे 4800 फेऱ्यांना पद्मिनीचे इंजिन मिनिटाला फार तर 2600 लिटर हवा घेईल, प्रत्यक्षात त्याहून कमीच. कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह आणि हेडमधील वाटा जशाच्या तशा ठेवून कार्बोरेटर तेवढा मोठा केल्यास हवेचा वेग मंदावतो, इंधनाचे बारीक तुषार होत नाहीत आणि शहरातील कमी वेगाची ओढ उलट घटते. याउलट ज्या सुधारणांनी अश्वशक्ती वाढत नाही, त्याच पद्मिनीला खऱ्या अर्थाने उपकारक ठरतात: इंजिन मंद चालत असतानाही बॅटरी भरणारा अल्टरनेटर, सीबी पॉइंटची झीज संपवणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, वाहतुकीच्या कोंडीत रेडिएटर थंड ठेवणारा विजेचा पंखा, चांगले रेडियल टायर, आणि या सर्वांच्या आधी ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेगात असलेली तीच गाडी थांबवताना ब्रेकना पावणेदोनपट उष्णता पचवावी लागते, म्हणून पुढच्या चाकांना डिस्क बसवण्यापूर्वी इंजिनाची ताकद वाढवणे बेजबाबदारपणाचे आहे.

तिसरा मार्ग म्हणजे इंजिन बदलणे, आणि त्याला कारखान्यांचाच पूर्वाधार आहे. प्रीमियरने 1985 मध्ये आणलेल्या 118 एनई या गाडीत फियाट 124 च्या सांगाड्यात निसानचे 1171 घनसेंटीमीटरचे इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह बसवले होते, तर हिंदुस्थान मोटर्सने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅम्बॅसेडरला इसुझूचे 1817 घनसेंटीमीटरचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला. दोन्ही उदाहरणांत इंजिन एकटे आले नाही, गिअरबॉक्स घेऊन आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हौशी मालक पद्मिनीत 118 एनईचे इंजिन बसवतात ते याच कारणाने: ते आकाराने जवळचे आहे, कार्बोरेटरवर चालते आणि मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीसाठीच जुळवलेले आहे. मारुती जिप्सीचे 1298 घनसेंटीमीटरचे, लांबीच्या दिशेने बसणारे 80 अश्वशक्तीचे इंजिन कागदावर अधिक मोहक दिसते, परंतु त्यासाठी नवे माउंटिंग, बदललेल्या लांबीचा व योग्य कोनात बसणारा प्रोपेलर शाफ्ट, अधिक दाबाचा पेट्रोल पंप व परतीचा पाइप, संपूर्ण नवे वायरिंग आणि मोठा रेडिएटर लागतो. शिवाय मूळच्या दुप्पट ताकद ज्या मागील अ‍ॅक्सलवर पडणार, तो 40 अश्वशक्तीसाठी घडवलेला असतो. यांतील एकही दुवा कच्चा राहिला की गाडी रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच अधिक काळ राहते.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. सीएनजीसारख्या इंधनाचे मान्यताप्राप्त किट बसवण्यास कायद्यात वाट आहे, आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींनी तीच धरली होती, परंतु दुसऱ्या जातीच्या इंजिनाला ती लागू होत नाही. आरसी बुकावर इंजिन क्रमांक व क्षमता लिहिलेली असते, त्यामुळे आरटीओतील पुनर्नोंदणीच्या तपासणीत तफावत उघडी पडते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांतही सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. 1975 पर्यंत नोंदल्या गेलेल्या डिलाइट आणि पद्मिनी आता या वयात पोहोचल्या असल्याने परक्या इंजिनामुळे हा मान कायमचा हुकू शकतो.

या सर्वांचा विचार करता सुस्थितीतील सांगाडा असलेल्या पद्मिनीसाठी मूळ इंजिनाचे पूर्ण काम, त्यानंतर ब्रेक, चार्जिंग व इग्निशन यांची सुधारणा, हाच क्रम योग्य ठरतो, आणि इंजिनबदल केवळ ब्लॉकच तडकून स्लीव्हनेही वाचण्याजोगा न राहिल्यास, तोही आधी दुसरा पद्मिनीचाच ब्लॉक शोधून व आरटीओची संमती घेऊन करावा. ज्यांच्या गाडीत पूर्वीच्या मालकाने दुसरे इंजिन बसवले असेल, त्यांनी मूळ इंजिनाचा ठावठिकाणा अवश्य विचारावा, आणि मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले असेल तर ते भंगारात देऊ नये. सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लग लावून आणि तोंडे बंद करून ते गाडीबरोबर जपून ठेवावे.