विद्यापीठाच्या दारी विद्यार्थ्यांची दाद

रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून मुंबई जलमार्गाने जितकी जवळ तितकीच खुष्कीच्या मार्गाने दूर आहे, आणि पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा बंद झाल्या म्हणजे ह्या दूरपणाची जाणीव विशेष तीव्र होते. कुंडलिकेच्या मुखाशी, पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेल्या ह्या गावातली मुले शिकायला अलिबागला जातात, परंतु त्यांच्या पदवीवर शिक्का उमटतो तो मुंबई विद्यापीठाचा. कारण ठाणे-पालघरपासून थेट सिंधुदुर्गापर्यंतच्या सबंध कोकणपट्टीवर ह्या एकाच विद्यापीठाचा अंमल आहे. निकाल वेळेवर लागतात त्या वर्षी कलिन्यातील परीक्षा भवन कोठे आहे हे येथल्या विद्यार्थ्याला ठाऊक असण्याचेही कारण पडत नाही. ते कारण २०१७ साली पडले.

त्या वर्षी विद्यापीठाने सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीवाचून अमलात आणला. पावणेपाचशेच्या आसपास परीक्षा आणि सतरा लाखांच्या घरातील उत्तरपत्रिका! त्या स्कॅन करावयाच्या, शिक्षकांकडे संगणकावर पाठवावयाच्या आणि गुण नोंदवून परत घ्यावयाच्या, हे काम एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले, आणि शिक्षकांचे प्रशिक्षण पुरे होण्यापूर्वीच तपासणीचा काळ सुरू झाला. कुलपती ह्या नात्याने राज्यपाल चे. विद्यासागर राव ह्यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती मुदत टळली. उत्तरपत्रिका तपासण्यास शिक्षक मोकळे व्हावेत म्हणून महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस थांबविले गेले, आणि इतर विद्यापीठांच्या शिक्षकांचेही साहाय्य घ्यावे लागले. वाणिज्य आणि विधी शाखांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि तोवर परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या कित्येकांच्या हातून ती संधी निसटून गेली. निकाल लागल्यावरही कोणाची उत्तरपत्रिका सापडेना, कोणाला हजर असून गैरहजर ठरविलेले, अशा तक्रारींचा ओघ थांबला नाही. एस.टी.ने अलिबाग, पेण, पनवेल असे टप्पे करीत कलिना गाठावयाचे, तेथे रांगेत उभे राहावयाचे आणि ‘चौकशी चालू आहे, पुढल्या आठवड्यात या’ एवढे उत्तर घेऊन परतावयाचे, ह्यात किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याचा एक सबंध दिवस आणि घरच्या माणसांच्या मजुरीचे पैसे खर्ची पडतात, ही गोष्ट खिडकीपलीकडच्या माणसाला दिसत नाही.

त्या विद्यार्थ्यांनी जे केले ते नमूद करण्याजोगे आहे. त्यांनी मोर्चे काढले हे खरे. परंतु त्यांच्यातील काहींनी, विशेषतः विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी, मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करून निकालांच्या तारखा विद्यापीठाकडून न्यायालयासमोर वदवून घेतल्या. कुलगुरू डॉ. संजय देशमुख ह्यांना ऑगस्टमध्ये रजेवर पाठविण्यात आले, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे ह्यांच्याकडे कार्यभार देण्यात आला, आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात राज्यपालांनी डॉ. देशमुख ह्यांना पदावरून दूर केले. एका अधिकाऱ्याचे पद गेले म्हणजे व्यवस्था सुधारली असे मात्र नव्हे. शेवटची परीक्षा झाल्यापासून शक्यतो तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत, निकाल जाहीर झाला पाहिजे, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ह्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि तो कायदा २०१७ च्याच १ मार्चपासून अमलात आलेला होता. कायदा कोरा करकरीत असताना त्याचा असा भंग झाला, आणि तो भंग झाल्याचे सांगणारा विद्यार्थ्यांचा एकही निर्वाचित प्रतिनिधी विद्यापीठाच्या अधिसभेत बसलेला नव्हता, हे माझ्या मते त्या प्रकरणाचे खरे मर्म आहे.

विद्यापीठाच्या सभागृहात कोणी बसावे हा वाद जुनाच आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे फेलो, म्हणजे सिनेटाचे अर्थात अधिसभेचे सभासद, सरकार नेमीत असे. लॉर्ड कर्झनने १९०४ साली विद्यापीठांचा जो कायदा केला त्यात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे प्रत्येकी वीस फेलो निवडून यावेत अशी तरतूद होती, पण सिनेटातील मोठे बहुमत नियुक्त सभासदांचेच राहिले. आणि ह्याच कोकणच्या मातीतून, गुहागरजवळच्या कोतळूकहून आलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात त्या विधेयकास निकराने विरोध केला, तो विद्यापीठे सरकारी खात्यासारखी होतील ह्या भयाने. गोखल्यांच्या काळी विद्यार्थ्याचे नाव ह्या चर्चेत नव्हते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अन्यत्र मात्र ते केव्हाच आले होते. इटलीतील बोलोन्या येथे मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघच रेक्टर निवडीत आणि व्याख्यानास उशिरा येणाऱ्या अध्यापकास दंड करीत. आणि अर्जेंटिनातील कॉर्डोबा येथे १९१८ साली विद्यार्थ्यांनी जो लढा दिला त्यातून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मत असावे हे तत्त्व रुजले आणि पुढे लॅटिन अमेरिकेत दूरवर पसरले.

आपल्याकडे एकट्या परीक्षार्थीला किती मोठी सत्ता हलविता येते ह्याचे उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. १९८५ साली झालेल्या एम.डी.च्या परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचा आक्षेप घेऊन त्याच परीक्षेस बसलेले डॉ. महेश गोसावी उच्च न्यायालयात गेले. तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर ह्यांची कन्याही त्या परीक्षेस बसलेली होती. उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा इतिहास मी कोणाची जुनी जखम उघडी करावी म्हणून सांगत नाही. गुणपत्रिकेवरचा आकडा ही विद्यापीठाची खासगी बाब नाही, तो सार्वजनिक हिशेब आहे, आणि तो तपासून मागण्याचा अधिकार ज्याच्या नावापुढे तो आकडा पडतो त्याचा आहे, ही गोष्ट त्या खटल्याने लोकांपुढे ठसठशीतपणे आली, एवढ्याचसाठी त्याची आठवण ठेवावयाची.

परंतु एकेकट्याने न्यायालयात जाणे हा उपाय संकटाचा. नित्याच्या कारभारासाठी नित्याचे प्रतिनिधित्व लागते. ते महाराष्ट्रात कसे नाहीसे झाले ह्याचीही कथा दुःखाची आहे. महाविद्यालयीन निवडणुकांत पैसा, दंडेली आणि पक्षांची चुरस शिरली, १९८९ साली मुंबईत विद्यार्थी-निवडणुकीच्या वैमनस्यातून एका तरुण कार्यकर्त्याची हत्या झाली, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकाच बंद करून गुणानुक्रमाने प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. रक्त सांडल्यावर शासनाने काही करणे प्राप्तच होते, हे मी मान्य करतो. पण रोग होता तो गुंडगिरीचा, आणि छाटले गेले ते मत. परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी हुशार असतो, परंतु आपल्या वर्गातल्या सर्वांच्या वतीने जाब विचारण्याची सनद त्याला त्याच्या गुणांनी मिळत नाही. ती त्याच्या सोबत्यांनीच द्यावी लागते. सुमारे पाव शतक ही सनद कोणाजवळच नव्हती.

२०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या प्रत्यक्ष निवडणुका पुन्हा आणल्या, आणि विद्यापीठाच्या परिषदेचे अध्यक्ष व सचिव ह्यांना अधिसभेत जागा दिली. पक्षांची चिन्हे, फेऱ्या, मिरवणुका ह्यांना नियमांनी मनाई केली, म्हणजे जुन्या रोगावर औषधही योजिले. मग २०१९ साली ह्या निवडणुका ठरल्या आणि विधानसभेच्या निवडणुका जवळ आल्याचे कारण सांगून पुढे ढकलल्या गेल्या. आणि पाठोपाठ करोनाची साथ आली. प्रौढांनी आपल्या मतदानाची सोय पाहावी आणि त्यासाठी विद्यार्थ्यांचे मतदान थांबवावे, ह्यात कोणते शैक्षणिक तत्त्व आहे हे मला उमगलेले नाही.

पदवीधरांच्या जागांचीही अशीच परवड झाली. अधिसभेतील नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेली निवडणूक काही दिवसांतच स्थगित करण्यात आली. ती पुन्हा ठरली २२ सप्टेंबर २०२४ ला. मतदान दोन दिवसांवर आले असता शासनाच्या सांगण्यावरून विद्यापीठाने ती पुन्हा थांबविली. उमेदवार उच्च न्यायालयात धावले. न्यायालयाने स्थगितीस स्थगिती दिली आणि २४ सप्टेंबरला मतदान पार पडले. जागा कोणत्या पक्षाने जिंकल्या हे येथे गौण आहे. विद्यापीठाच्या सभागृहात प्रश्न विचारणारी दहा माणसे बसावीत एवढ्यासाठीसुद्धा न्यायालयाचा हुकूम आणावा लागला, हे गौण नाही. आणि त्याहून खेदाची गोष्ट ही, की लक्षावधी पदवीधर असलेल्या ह्या विद्यापीठात मतदार म्हणून नाव असलेले होते जेमतेम तेरा हजारांच्या आसपास.

सभागृहातल्या जागा भरेपर्यंत विद्यार्थ्याने हात जोडून बसावे असे मात्र मुळीच नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखाली येणारी माहिती आहे आणि परीक्षार्थीस ती पाहता आली पाहिजे. ह्या निर्णयापूर्वी उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातातून एकदा सुटली की ती त्याला पुन्हा दिसेलच ह्याची शाश्वती नसे. आता तो अर्ज करून ती मागू शकतो, आणि कायद्याने उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे, तिच्यात अध्यापकांसमवेत एक विद्यार्थी प्रतिनिधीही बसला पाहिजे, आणि तिने शक्यतो पंधरा कामकाजी दिवसांत आपला अहवाल दिला पाहिजे. तो मान्य नसेल तर विद्यार्थी पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागू शकतो, आणि लोकपालाने तीस दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे हे नियम सांगतात. प्रवेशातील अन्याय, जादा शुल्क, अडवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीतील दिरंगाई, निकालाचा विलंब हे सारे ह्या तक्रारींच्या कक्षेत येते.

हे हक्क कागदावर उत्तम आहेत, परंतु ते वापरण्याची रीत मुलांना कोणी शिकवीत नाही. विद्यार्थी कार्यालयात जातो, तोंडी सांगतो, तोंडी उत्तर घेतो आणि परत येतो. सहा महिन्यांनी त्याच्याजवळ दाखवावयास काहीही नसते. म्हणून जे विद्यार्थी कार्यकर्ते गेली काही वर्षे आपल्या सोबत्यांना ‘अर्ज लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या’ असे पढवीत फिरतात, त्यांचे काम मला घोषणांपेक्षा मोलाचे वाटते. तारीख पडलेल्या कागदापासूनच मुदत मोजली जाते, आणि मुदत मोजता आली तरच कोणाला जाब विचारता येतो. लोकपालाचे नाव व पत्ता, तक्रार समितीचे सभासद, मागील वर्षी किती तक्रारी आल्या व किती निकालात निघाल्या, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लागले पाहिजे, ही त्यांची मागणी तर इतकी साधी आहे की ती मान्य करण्यास शासनाच्या ठरावाचीही वाट पाहावी लागू नये. कोणताही प्राचार्य उद्या सकाळी ती पुरी करू शकेल.

विद्यार्थी अपरिपक्व असतात, त्यांनी अभ्यास करावा, कारभार वडीलधाऱ्यांवर सोपवावा, असा आक्षेप सद्हेतूने घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी ह्याच अलिबाग तालुक्यातील चरीची आठवण देईन. १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या मनमानी वसुलीविरुद्ध शेती न कसण्याचा संप चालविला. नारायण नागू पाटलांनी त्याचे नेतृत्व केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांच्यातील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती त्या माणसांनाही आपल्या श्रमाचा हिशेब मागण्याइतकी परिपक्वता होती. अठरा वर्षांच्या ज्या तरुणाला आपण देशाचा खासदार निवडण्यास लायक समजतो, तो आपल्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी निवडण्यास नालायक कसा ठरतो, ह्याचे उत्तर आक्षेपकांनीच द्यावयाचे आहे.

शासनाने विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका कायद्यात लिहिल्याप्रमाणे, ठरलेल्या महिन्यात, दरवर्षी घ्याव्यात. आणि रेवदंडा, चौल, नागाव, अलिबाग येथल्या ज्या वाचकांच्या घरी भिंतीवर मुंबई विद्यापीठाची पदवी लटकत आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढची नोंदणी सुरू होताच अर्ज भरून पदवीधर मतदार म्हणून आपले नाव अवश्य दाखल करावे, आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारावा की पंचेचाळीस दिवसांची मुदत टळली तर अधिसभेत तो काय करणार आहे.