मागणीनुसार धावणारी विजेची बस : हांबुर्ग शहरातील प्रयोग

मालाची गाडी भरून पाठविणे सोपे असते. परतीचे भाडे न मिळता ती रिकामी आली, की नफा वाटेतच सरतो, हे आपल्यासारख्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. माणसांच्या वाहतुकीसही हाच हिशेब लागू पडतो, हे मला जर्मनीत हांबुर्ग येथे कळून आले. धाकटे चिरंजीव तेथे नोकरीस असल्याने काही आठवडे माझा मुक्काम त्या शहरी होता. तेथील बंदरातून धान्याची मोठी निर्यात होते, म्हणून मला त्या शहराचे कुतूहल अधिक.

तेथे एप्रिल २०१९ पासून 'मोइया' नावाची विजेच्या गाड्यांची सेवा चालू आहे. तीस ठरलेला मार्ग नाही आणि वेळापत्रकही नाही. प्रवाशाने मोबाइलवरून कोठून कोठे जावयाचे ते कळवावे. संगणक त्याच दिशेची गाडी शोधून त्यास जवळच्या एखाद्या कोपऱ्यावर उभे राहावयास सांगतो. गाडीत आसने सहा. वाटेत इतर प्रवासी चढतात, उतरतात, थोडा वळसाही पडतो. भाडे टॅक्सीपेक्षा कमी व बसपेक्षा अधिक असते. टॅक्सीवाल्यांनी तीस विरोध केला. प्रारंभी ती केवळ प्रयोग म्हणून, कायद्यातील खास सवलतीखाली चालली; २०२१ साली कायदाच बदलून अशा सेवांस कायमचे स्थान देण्यात आले.

त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, त्याच शहरातील लुरुप व ऑस्डॉर्फ या भागांत दुसरा प्रयोग सुरू झाला होता. तेथे रेल्वेचे स्थानक नाही. विजेच्या लहान गाड्या लोकांस घराजवळून घेऊन बस व रेल्वेपर्यंत पोहोचवीत आणि तिकीट शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचेच चाले. ही गाडी मोठ्या बसची स्पर्धक नसून तिला प्रवासी आणून देणारी होती, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

उलट उदाहरणही आहे. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकी येथे, २०१२ साली अशीच सेवा निघाली. गाड्या मात्र विजेच्या नव्हत्या. प्रवाशांस ती आवडली, परंतु पंधरा गाड्यांपलीकडे ती वाढली नाही. भाड्यातून खर्च निघेना, विस्तारास पैसा मिळेना, आणि २०१५ अखेर ती बंद झाली. गाड्या मोजक्या असल्या, की प्रत्येक प्रवाशासाठी दुरून रिकामे यावे लागते. विजेच्या गाडीस तर भरलेल्या विजेइतकीच धाव असते. त्यातील रिकामी धाव हे दुहेरी नुकसान होय.

हे सर्व लिहिण्यास एक घरगुती कारण आहे. आमच्या बेळगावच्या रविवार पेठेतील दुकानी चाळीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या दिवाणजींनी दोन वर्षांपूर्वी काम सोडले. हिशेबात त्यांची चूक कधी झाली नाही. बस नव्हती असेही नाही. ती त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर थांबे. एका पावसाळी रात्री त्या वाटेवर ते पडले, पाय मोडला आणि मग घरच्यांनी त्यांस येऊ दिले नाही. त्या वीस मिनिटांपायी आम्ही चाळीस वर्षांचा माणूस गमावला.

म्हणून मंडळास माझी नम्र सूचना आहे, की शहराच्या वाहतुकीचा विचार निघेल तेव्हा आपण असा प्रयोग सुचवावा. सर्व शहर एकदम न घेता कडेचे एकच उपनगर घ्यावे. परंतु तेथे गाड्या पुरेशा द्याव्यात, मोठ्या बसशी त्यांचा मेळ घालावा, आणि वृद्धांस साध्या दूरध्वनीवरूनही गाडी मागविता यावी. मुदत आधी ठरवावी. आसने किती भरली व गाडी रिकामी किती धावली, याचा जमाखर्च दरमहा लोकांपुढे ठेवावा. तोटा दिसल्यास तोही लपवू नये. खाते उघडे असेल, तर निर्णय काहीही होवो, तो आपणांस पटेल.