समांतर फाइल-संस्करण

समांतर फाइल-संस्करण : आज्ञा-ओळीवरून दिलेले काम अनेक फाइलींवर एकामागून एक न करता एकाच वेळी करवून घेण्याची पद्धती. एका प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारे अनेक कोअर असल्यास ती विशेष उपयुक्त ठरते. आयबीएम कंपनीचा पॉवर-४ हा दोन कोअरांचा प्रोसेसर २००१ मध्ये पुढे आला व २००५ पासून असे प्रोसेसर वैयक्तिक संगणकांतही वापरात आले. तथापि पुष्कळशा आज्ञा एका वेळी एकच कोअर वापरतात. त्यामुळे आठ कोअरांच्या संगणकावर शंभर छायाचित्रांचा आकार क्रमाने लहान केल्यास इतर सात कोअर बहुतांशी रिकामे राहतात.

युनिक्स व लिनक्स या प्रणालींत फाइलींची नावे घेऊन त्यांवर दुसरी आज्ञा चालविण्याचे काम ‘एक्सआर्ग्ज’ ही आज्ञा करते. तिच्या जीएनयू आवृत्तीत ‘पी’ या पर्यायाने एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची संख्या आणि ‘एन’ या पर्यायाने प्रत्येक प्रक्रियेस द्यावयाच्या नावांची कमाल संख्या ठरविता येते. एक प्रक्रिया संपताच तिच्या जागी पुढची सुरू होते. ओले टांगे यांचा ‘जीएनयू पॅरलल’ हा कार्यक्रम याशिवाय निरनिराळ्या प्रक्रियांचे प्रदान एकमेकांत मिसळू देत नाही.

कोअरांच्या प्रमाणात वेग वाढतोच असे नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो वेगवाढीस मर्यादा घालतो. ९०% काम विभागण्याजोगे असल्यास आठ कोअरांवर वेग सु. ४·७ पट होतो आणि कोअर कितीही वाढविले, तरी तो दहा पटींच्या पुढे जात नाही. केवळ नकला करण्यासारख्या कामात बहुधा चकतीचा वेगच निर्णायक ठरतो.

प्रत्येक फाइलीवरील काम इतरांपासून स्वतंत्र असणे आवश्यक असते. दोन प्रक्रियांनी एकाच फाइलीत लिहिल्यास मजकूर सरमिसळ होतो किंवा नष्ट होतो. नावात मोकळी जागा असल्यास एक्सआर्ग्ज त्या एका नावाची दोन नावे समजते व फाइली पुसण्याच्या कामात भलतीच फाइल नाहीशी होऊ शकते. म्हणून नावे शून्य-वर्णाने विलग करतात. एखादी प्रक्रिया अयशस्वी झाल्यास जीएनयू एक्सआर्ग्ज सामान्यतः शेवटी १२३ हा संकेत देते. परंतु कोणत्या फाइलीचे काम राहिले, हे त्यावरून कळत नाही. यास्तव नवी फाइल तात्पुरत्या नावाने लिहून ती पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव देतात आणि सर्व फाइली पडताळून पाहीपर्यंत मूळ फाइली राखून ठेवतात.